दोन घराण्यांच्या मधली गिटार

पहिल्या तारेवर कोमल गंधाराला आंदोलन देताना ती तार वर ढकलावी लागते तशी खालीही ओढावी लागते, आणि गिटारची नेक, म्हणजे मान, अरुंद असली की खाली ओढलेली तार फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवरच्या बोटे टेकवायच्या पट्टीच्या, कडेवरून घसरते व सूर तिथल्या तिथे तुटतो. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात मी गेली अकरा वर्षे गिटारची साथ करते. आमच्याकडे संवादिनी आहे, पण संवादिनीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड जाणारी ती वाट मला गिटारने भरून काढायची असते, आणि नेमक्या त्याच वाटेवर माझी तार पडत असे. एकदा श्रावणातल्या भजनी सप्ताहात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, दरबारी कानड्यात बांधलेल्या एका अभंगाच्या आलापात हे लागोपाठ तीनदा झाले. बुवांनी माझ्याकडे पाहिले नाही, पण चौथ्या वेळी त्यांनी ती जागा गळ्यानेच पूर्ण केली. घरी परतताना माझ्या मनाने घेतले की आता आपण वेगळी गिटार शोधायची.

लहानपणी मी पणजीत क्लासिकल गिटार शिकले. त्या गिटारचा नट, म्हणजे आपल्या सतारीच्या भाषेत मेरू, ५२ मिलिमीटर रुंद असतो. इलेक्ट्रिक गिटारवर हीच रुंदी बहुधा ४२ किंवा ४३ मिलिमीटर असते. मला ५२ नको होते, कारण तेवढ्या रुंद नेकवर माझा अंगठा मागे नीट बसत नाही. पण ४४ च्या वर काहीतरी हवे होते, म्हणजे पहिल्या तारेच्या बाहेर बोटभर नव्हे तरी नखभर जागा उरली असती. दुसरी गरज नटपासून घोडीपर्यंतच्या लांबीची, जिला गिटारवादक स्केल म्हणतात. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बहुतेक गिटारांवर ती साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते, तर गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या गिटारांवर पावणेपंचवीस इंच, म्हणजे साधारण ६२८ मिलिमीटर. तार तीच आणि सूर तोच असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे आखूड स्केलवर तारेचा ताण सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटेल, पण दोन तास अभंग वाजवल्यावर मधल्या बोटाच्या टोकाला विचारावे, ते नेमके सांगते.

फ्रेटबोर्डची गोलाईही तितकीच महत्त्वाची होती. फ्रेटबोर्ड सपाट नसतो, तो एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. जुन्या धर्तीच्या फेंडर गिटारांवर त्या वर्तुळाची त्रिज्या सव्वासात इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर असते, आणि एवढ्या गोल पाठीवर तार दीड सुरापर्यंत ओढली की ती मधल्या उंचवट्यावरच्या पुढच्या फ्रेटला, म्हणजे पडद्याला, टेकते आणि गुदमरते. गिब्सनवर ही त्रिज्या १२ इंच, म्हणजे ३०५ मिलिमीटर असते, आणि तिथे तार मोकळी फिरते. मला १२ इंच किंवा त्याहून सपाट पाठ हवी होती.

राहिला पिकअप. मडगावच्या एका मैत्रिणीकडे मी पहिल्यांदा पी-९० नावाचा पिकअप ऐकला आणि त्या दिवसापासून दुसरा आवाज मनात बसला नाही. चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळली की पिकअप होतो. पोलादी तार त्याच्यावर कंप पावली की वेटोळ्यात वीज उमटते. फेंडरच्या पिकअपचे वेटोळे उंच आणि अरुंद असते, त्यामुळे त्याचा आवाज टोकदार येतो. हंबकरमध्ये दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात आणि त्यांचा आवाज भरलेला, गोलसर असतो. पी-९० एकाच वेटोळ्याचा असला तरी ते बसके आणि रुंद असते, त्यावर सुमारे दहा हजार वेढे असतात आणि खाली दोन पट्टीचुंबक असतात. त्याच्या आवाजात भरीवपणा आहे, तरी सुराच्या सुरुवातीला गळ्यातून श्वास सुटल्यासारखी एक बारीक खर ऐकू येते. माझ्या कानाला माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळचा पिकअप हाच वाटतो. एकेरी वेटोळ्यामुळे तो आसपासच्या विजेची गुणगुण, म्हणजे हम, पकडतो, हा त्याचा दोष आहे आणि तो मी पत्करला आहे.

या सगळ्या गरजा एका गिटारमध्ये सहज का सापडत नाहीत, हे समजायला मला जवळजवळ वर्ष लागले. आपल्या गायकीत जशी घराणी आहेत तशीच ती इथेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये जी गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी जिचे नाव टेलिकास्टर झाले, तिची नेक चार स्क्रूंनी बसवलेली होती. खराब झाली की काढावी आणि दुसरी लावावी, असा त्यामागचा दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार होता. मिशिगनमधल्या कॅलमझू इथे सुरू झालेल्या गिब्सनची परंपरा मात्र व्हायोलिनसारख्या वाद्यांच्या कारागिरांची, म्हणजे नेक सरसाने कायमची चिकटवण्याची. पी-९० हा त्या दुसऱ्या घराण्याचा, १९४६ पासूनचा. गिब्सनच्या १९५२ च्या पहिल्या लेस पॉल गिटारवर तोच होता. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांचा हंबकर १९५७ पासून त्याच्या जागी येऊ लागला, पण लेस पॉल ज्युनियर आणि स्पेशल या साध्या गिटारांवर पी-९० टिकला. आखूड स्केल, सपाट पाठ आणि पी-९० हे तिन्ही हवे असेल तर ज्युनियर किंवा स्पेशल घ्यावी, प्रश्न मिटला. पण त्यांचा नट ४३ मिलिमीटरचा, आणि नेक सरसाने बसलेली असल्यामुळे तिथे दुसरी लावण्याची सोय नाही. १९६५ च्या सुमारास गिब्सनने नट आणखी अरुंद करून ४० मिलिमीटरच्याही आत नेला होता, म्हणून जुनी गिटार घ्या असा सल्लाही माझ्या कामाचा नव्हता. नेक बदलता येईल अशी गिटार फेंडरच्या घराण्यात, आणि बाकीचे सगळे गिब्सनच्या. माझी गिटार दोन घराण्यांच्या मधल्या ओसरीवर कुठेतरी उभी होती.

दीड मिलिमीटरसाठी एवढा अट्टहास कशाला, असे मला अनेकांनी विचारले. सहाही तारांची नटवरची एकूण रुंदी ३६ मिलिमीटर धरली तर ४३ च्या नटवर दोन्ही कडांना साडेतीन साडेतीन मिलिमीटर उरतात. नट ४४.५ चा असेल, तारांमधले अंतर तेच ठेवले आणि वाढलेली सगळी जागा पहिल्या तारेच्या बाजूला दिली, तर तिथे पाच मिलिमीटर मिळतात. साडेतीनचे पाच होणे म्हणजे किती, ते आंदोलन घेणाऱ्या हाताला विचारावे.

शोधाची सुरुवात मी पणजी, म्हापसा आणि मडगाव इथल्या दुकानांपासून केली. तिथे नव्या आणि परवडणाऱ्या गिटारा भरपूर होत्या, पण सगळ्या ४२ आणि ४३ च्या. मुंबईला एका लग्नासाठी गेले तेव्हा धोबी तलावाच्या, १८६५ मध्ये सुरू झालेल्या फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानातही जाऊन आले. तिथे पी-९० असलेली एक गिटार तासभर वाजवली, मन तिच्यावर बसले, आणि पर्समधला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेणारी पट्टी, काढून मोजले तेव्हा आकडा ४३ निघाला. हणजुणच्या बुधवारच्या बाजारात एके काळी परतणारे परदेशी पाहुणे आपल्या वस्तू विकत, म्हणून दोन मोसम तिथेही फेऱ्या मारल्या. आता तिथे कपडे आणि दागिनेच अधिक. एकदा फक्त एक सुंदर जुनी बास गिटार दिसली.

मग मी जुन्या गिटारांच्या जाहिरातींकडे वळले, आणि तिथे मोजमापाची अडचण आली. विकणाऱ्याला नटची रुंदी विचारली की तो साधारण अंदाज सांगतो किंवा कंपनीच्या कागदावरचा आकडा वाचून दाखवतो. म्हणून मी नाण्यांची युक्ती काढली. २०११ च्या मालिकेतले १ रुपयाचे नाणे जवळपास २२ मिलिमीटर व्यासाचे आहे. तशी दोन नाणी नटला लागून शेजारी शेजारी ठेवा आणि समोरून फोटो पाठवा, एवढेच मी सांगत असे. दोन नाणी कडेच्या बाहेर डोकावली तर नट ४४ पेक्षा कमी, आणि नाण्यांच्या बाहेर थोडे लाकूड दिसले तर पुढे बोलायचे. नंतरच्या मालिकेतले नाणे २० मिलिमीटरचे आहे, त्यामुळे ते ठेवले की फोटो फसवा येतो; एकदा त्यानेच मला रात्रभर आनंदात ठेवले होते. स्केलसाठी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मागायचे, कारण ते स्केलच्या बरोबर निम्मे असते: ३१४ आले तर आखूड, ३२४ आले तर लांब. एवढे शिवणकामाच्या टेपनेही मोजता येते. अशा पद्धतीने मी साधारण साठ गिटारा घरी बसून बाद केल्या.

गोलाईसाठी मी पुठ्ठ्याचे साचे केले. दोऱ्याच्या एका टोकाला पेन्सिल बांधली, दुसरे टोक ओसरीच्या जमिनीवर खिळ्याने धरले आणि ३०५ मिलिमीटर त्रिज्येचा कंस वहीच्या जाड पुठ्ठ्यावर ओढून ब्लेडने कापला. तसाच एक १८४ चा आणि एक २४१ चा. वाद्य हातात आले की साचा तारांच्या खालून फ्रेटवर आडवा धरायचा आणि मागे मोबाईलचा दिवा लावायचा. उजेड कुठून झिरपतो त्यावरून पाठ कळते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी माझी एक फसगत झाली. परराज्यातल्या एका विक्रेत्याने एका गिटारचे वर्णन करताना पिकअप पी-९० असल्याचे लिहिले होते. नट ४३ चाच होता, पण निदान पिकअप तरी हाती येईल या विचाराने मी ती घेतली. साबणाच्या वडीसारखे त्याचे आवरण अगदी बरोबर होते. वाजवली तेव्हा आवाज जाड आला आणि हम अजिबात आला नाही, आणि मला वाटले की किती चांगला पी-९० मिळाला. तीन दिवसांनी खटकले. एकेरी वेटोळे आणि हम नाही, हे कसे शक्य आहे? मोबाईलच्या चार्जरजवळ गिटार नेली तरी शांतच. मग मुलाच्या भूगोलाच्या पेटीतले छोटे होकायंत्र पिकअपच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेकडे सरकवले. पी-९० असता तर वरच्या सगळ्या स्क्रूंवर चुंबकाचा एकच ध्रुव लागला असता. इथे सुई अर्ध्या वाटेवर गर्रकन फिरली. आवरणाखाली दोन वेटोळी होती, म्हणजे तो हंबकर होता. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून होकायंत्र आणि मल्टिमीटर पर्समध्ये कायमचे आले. केबल गिटारला लावून, आवाज पूर्ण वाढवून, केबलच्या दुसऱ्या टोकावर रोध मोजला तर फेंडरचा पिकअप साधारण सहा किलोओहम आणि पी-९० आठच्या आसपास दाखवतो. हंबकरही आठच दाखवू शकतो, म्हणून एकट्या मल्टिमीटरवर विसंबू नये.

या फसगतीतून माझी शोधण्याची दिशाच बदलली. पिकअप ही बदलता येणारी वस्तू आहे. चार तारा उकलल्या की निघते. नेक मात्र हाताला सापडावी लागते, कारण तिच्या पाठीचा उभार आणि कडांचा गुळगुळीतपणा कागदावरच्या आकड्यांत उतरत नाही. पूर्ण गिटार शोधणे सोडून मी आता फक्त नेक शोधू लागले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातली वॉर्मथ ही कंपनी स्वतंत्र नेक विकते, आणि फेंडरच्या अंगावर, म्हणजे गिटारच्या धडावर, थेट बसेल अशी पावणेपंचवीस इंची नेकही करते. फेंडरच्याच खाचेत बसून स्केल मात्र गिब्सनची देणारी ही नेक म्हणजे दोन घराण्यांमधला सोयरसंबंधच. तिच्यात ४४.४५ मिलिमीटरचा नटही मागवता येतो. हे कळल्यावर मी मागवण्याच्या अगदी जवळ गेले होते. फ्रेटबोर्डला शिसवी लाकूड असते, आणि शिसवाच्या साऱ्या जाती जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत होत्या, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे भाग त्यातून वगळले गेले, त्यामुळे ती अडचण उरली नव्हती. तरीही न हाताळलेल्या वस्तूसाठी किंमत, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून जी रक्कम होत होती ती माझ्या शिक्षिकेच्या पगाराला जड होती. मी थांबले.

मडगावच्या त्याच मैत्रिणीने मला सालसेतमधल्या एका वृद्ध वादकाकडे नेले. ते तरुणपणी लग्नांतल्या बॅंडमध्ये वाजवत आणि पुढे तीस वर्षे बोटीवर होते; आमच्याकडे अशा माणसाला तारवटी म्हणतात, आणि तारवटी घरी आला की त्याच्या पेटीतून काय निघेल याचा नेम नसतो. मी त्यांना अंकल म्हणत होते आणि ते मला बाय. त्यांनी कपाटाच्या तळातून एक जुनी चादर काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला, आणि चादरीच्या घडीत एक नेक होती. तारा नाहीत, खुंट्या नाहीत, नटही नाही. मागे मॅपलचे फिकट लाकूड, पुढे शिसवी फ्रेटबोर्ड, आणि टाचेवर चार भोके पाडलेली. स्वतःसाठी एक गिटार बांधायची म्हणून त्यांनी ती अमेरिकेतल्या एका बंदरावरून आणली होती आणि ती गिटार कधी झाली नाही, कारण मधल्या काळात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे कप्पीत सापडली.

मी व्हर्नियर लावला. ४४.४५. बाराव्या फ्रेटपर्यंत ३१४. माझे हात थरथरत होते, ते त्यांनी पाहिले आणि काही बोलले नाहीत. मग मी ३०५ चा पुठ्ठा काढला. नटच्या टोकाला तो मधोमध टेकून दोन्ही बाजूंना डुगडुगला, म्हणजे तिथली पाठ माझ्या साच्यापेक्षा अधिक गोल होती. मनातून मी खचले. सवयीने साचा खाली टाचेपाशी नेला, तर तिथे तो दोन्ही कडांवर टेकला आणि मधून उजेड आला, म्हणजे तिथली पाठ साच्यापेक्षा सपाट. एकाच फ्रेटबोर्डवर दोन गोलाया कशा? मला वाटले की इतकी वर्षे दमटात पडून लाकूड पिळवटले. अंकलांनी नेक हातात घेतली, एका डोळ्याने तिच्या कडेवरून बंदुकीच्या नळीसारखे पाहिले आणि सांगितले की ती मुद्दाम तशीच केलेली आहे: नटपाशी दहा इंची गोलाई, तिथे स्वरांचे गुच्छ धरायला हात सोपा बसतो, टाचेपाशी सोळा इंची, तिथे तार ओढायची असते. याला कंपाउंड रेडियस म्हणतात. मी तीन वर्षे १२ इंच मागत होते, आणि मला हवे असलेले उत्तर १२ नव्हतेच. ते दहापासून सोळापर्यंत हळूहळू उलगडत जाणारे होते.

किंमत विचारली तेव्हा त्यांनी आधी मला त्यांच्या क्लासिकल गिटारवर काहीतरी वाजवायला लावले. मी दरबारीचे आलाप वाजवले. नायलॉनच्या तारेवर गंधार जेमतेम हलला. त्यांनी दहा हजार सांगितले, जे फारच कमी होते, आणि मी अधिक देऊ केले तेव्हा नेक माझ्या हातात ठेवून म्हणाले, ‘व्हर गो बाय, वाजय.’

पुढचे काम तुलनेने सरळ होते. टेलिकास्टरच्या धर्तीचे एक वापरलेले अंग म्हापशातून साडेपाच हजारांत मिळाले. नेकच्या टाचेची रुंदी ५५.६ मिलिमीटर, अंगातली खाच ५६ च्या आत. इतकी घट्ट की स्क्रू न लावता अंग नेकने उचलले तरी पडत नव्हते. घोडी मात्र बदलली, कारण जुन्या घोडीवर तारांमधले अंतर जास्त होते आणि वरच्या फ्रेटवर पहिली तार पुन्हा कडेला गेली असती. साडेदहा मिलिमीटर अंतराची घोडी लावली. पी-९० एका ओळखीच्या गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून घेतला, या वेळी आधी होकायंत्र फिरवून. तो नेकजवळच्या जागी बसवायचा होता, आणि फेंडरच्या अरुंद पिकअपसाठी पाडलेली खाच त्याला पुरत नव्हती. ती वाढवण्याचे काम गावातल्या मेस्तांनी केले. देवळाच्या चौकटी कोरणारा तो हात. त्यांनी राऊटर बाजूला ठेवून पटाशीने कोपरे काढले आणि पिकअप खाचेत ठेवला तेव्हा आवरणाभोवती सगळीकडे सारखी, केसाएवढी फट उरली. नट मी हाडाचा घेतला आणि सुईकानशीने खाचा स्वतः पाडल्या, सगळी मोकळी जागा पहिल्या तारेच्या बाजूला देऊन. पहिला नट बिघडला, दुसरा जमला.

जोडणी झाल्यावर एक गोष्ट राहिली होती, आणि ती सांगितलीच पाहिजे, कारण वेगवेगळ्या ठिकाणचे दोन पिकअप एकत्र आणणाऱ्या प्रत्येकाला ती भेटते. पी-९० एकटा उत्तम वाजत होता, घोडीजवळचा जुना पिकअपही एकटा ठीक होता, पण दोन्ही एकदम लावले की आवाज पातळ, नाकातून काढल्यासारखा येत होता. याचा अर्थ दोघांच्या लहरी परस्परविरुद्ध होत्या आणि एकमेकींना खोडत होत्या. रूढ उपाय म्हणजे एका पिकअपच्या दोन तारा उलट जोडणे. तो करण्याआधी मी हम ऐकला, आणि दोन्ही पिकअप चालू असताना हम एकट्या पिकअपपेक्षा बराच कमी होता. वेटोळ्यांची दिशा विरुद्ध असेल तरच हम असा खोडला जातो. तारा उलटल्या असत्या तर सूर सुधारला असता, पण हम पुन्हा उमटला असता. चूक वेटोळ्यात नव्हती, चुंबकाच्या ध्रुवात होती. म्हणून चुंबक उलटे करायचे ठरवले.

पी-९० च्या तळाची पट्टी काढली की मधल्या पोलादी पट्टीच्या दोन्ही अंगांना दोन चुंबक दिसतात, बोटाएवढे लांब, करड्या रंगाचे आणि खरबरीत. दोघांचे सारखेच ध्रुव आत वळलेले असतात, त्यामुळे ते बाहेर काढून जवळ आणले की एकमेकांना ढकलतात; एक तर माझ्या हातून सुटून पाटाखाली गेला. प्रत्येकाला लांबीच्या अक्षावर पालथे केले, होकायंत्राने खात्री केली आणि पट्टी परत लावली. दोन्ही पिकअप एकदम लावून मी षड्ज छेडला तेव्हा तो भरून आला, आणि मागचा हम पूर्वीइतकाच दबलेला राहिला. मी तो एक सूर किती वेळ छेडत होते ते आठवत नाही.

आवाजाच्या नॉबखाली मी आधी ५०० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रोध, लावला होता, कारण पी-९० बरोबर तोच लावण्याची रीत आहे. त्याने घोडीजवळचा पिकअप कर्कश झाला. २५० चा लावल्यावर पी-९० थोडा मवाळ झाला, आणि गळ्याच्या साथीला मला तो मवाळपणाच हवा होता. दुसऱ्या कुणाला ५०० आवडेल. रॉक वाजवणाऱ्याला तर नक्कीच.

हे सारे मे महिन्यात झाले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या तीन फ्रेटवर तारा झणझणू लागल्या. शेजारच्या स्कूटर गॅरेजमधून फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्या, आणून सातव्या फ्रेटवर नेकचा बाक मोजला. मे महिन्यात तो पाव मिलिमीटर होता, आता जवळजवळ शून्य. नेकच्या मॅपलवर रोगणाचा थर आहे, शिसवी फ्रेटबोर्ड उघडा आहे. आमच्या पावसातली दमट हवा तो पुढच्या बाजूने पितो, फुगतो आणि नेकला मागे वाकवतो. नेकच्या आतली तिचा बाक राखणारी सळी, म्हणजे ट्रस रॉड, पाव वळसा सैल केला, एक रात्र जाऊ दिली, पुन्हा मोजले, आणखी थोडा सैल केला. गोव्यात गिटार ठेवायची तर हे वर्षातून दोनदा करावेच लागणार, एकदा पाऊस लागताना आणि एकदा दिवाळीनंतर.

श्रावणातल्या सप्ताहात बुवांनी पुन्हा दरबारी घेतला. गंधारावर मी पहिली तार खाली ओढली, ती कडेपर्यंत गेली आणि कडेवर थांबली. आंदोलन पूर्ण झाले, आणि बुवा पुढची ओळ न घेता आणखी एक आवर्तन तिथेच राहिले.

सप्ताह संपल्यावर मी गिटार घेऊन अंकलांकडे गेले. त्यांनी ती मांडीवर घेतली, उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने एक साधा गुच्छ धरला आणि छेडला, मग गिटार पालथी करून मागचे चार स्क्रू अंगठ्याने एकेक चाचपले. खालच्या डाव्या स्क्रूपाशी ते थांबले आणि त्यांनी मला घरातून स्क्रू ड्रायव्हर आणायला सांगितले.